डोंगराला जड न होणारी भटकंती: रतनवाडी ते खिरेश्वर, चार दिवस, वाटाड्यासोबत

शुक्रवारी रात्री अकराची बस, पहाटे चारला पायथ्याला उतरून झोपलेली वाडी जागी करायची, शनिवारी गड, रविवारी परतीच्या बसमध्ये मान टाकून झोप. सह्याद्रीशी आपल्यातल्या बहुतेकांची ओळख अशीच होते. माझीही तशीच झाली. पण या वेळापत्रकात एक गोम आहे. गावात आपण थांबतो ते चहापुरते. खाणं शहरातून आणलेलं, वाट दाखवणाराही शहरातला, आणि मागे उरतात पाकिटं, बाटल्या, झुडपांमागचे पांढरे कागद. पैसा शहरातून निघून शहरातच परततो, कचरा तेवढा डोंगरात राहतो.

यावर मला सुचलेला आणि गेली काही वर्षं पाळत आलेला उपाय साधा आहे. कमी वेळा जा, पण गेलात की जास्त दिवस राहा. आणि झोपायला गावात या. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी हीच भटकंती सोपीही पडते, कारण पाठीवर तंबू नाही, शिधा नाही, स्टोव्ह नाही.

नुसते नियम सांगण्यापेक्षा एक वाट धरून सांगतो. रतनवाडीहून निघायचं, रतनगड करायचा, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई, मग हरिश्चंद्रगड चढून तोलार खिंडीनं खिरेश्वरला उतरायचं. सुरुवात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, शेवट पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात. रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे दोन्ही १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आधी पाणी कुठे जातं ते बघा

बुटांच्या दुकानात जाण्याआधी नकाशा उघडा आणि नद्या शोधा. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि खाली भंडारदऱ्याच्या धरणात अडते. हे धरण १९२६ सालचं. कात्राबाईची खिंड ओलांडली की तुम्ही मुळेच्या खोऱ्यात उतरता. हरिश्चंद्रगडावरची मंगळगंगा पाचनईकडे उतरून मुळेला मिळते, मुळा पुढे प्रवरेला, प्रवरा गोदावरीला. त्याच गडाच्या खिरेश्वरच्या अंगाला पडलेला पाऊस पुष्पावतीतून पिंपळगाव जोगा धरणात जातो आणि कुकडी, घोड, भीमा असं करत कृष्णेत पोचतो. गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्यावरून, म्हणजे कोकणकड्यावरून, खाली गेलेलं पाणी काळू नदीतून कोकणात उतरतं आणि अरबी समुद्र गाठतं.

म्हणजे एकाच माथ्यावर तुम्ही कागद टाकलात तर तो मछलीपट्टणच्या दिशेनं जाईल की कल्याणच्या, हे तुम्ही कुठल्या दगडाआड बसला होतात त्यावर ठरतं. विनोद सोडा. पुढचे बहुतेक सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. डोंगरमाथा म्हणजे कित्येक गावांच्या पाण्याची टाकी आहे आणि आपण तिच्या झाकणावर चालतोय.

कधी जायचं

नवख्यांनी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीची सुरुवात एवढाच काळ धरावा. पावसाळ्यात ही वाट सुंदर दिसते यात वाद नाही, पण घाटघर-रतनवाडीचा पट्टा राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी आहे. ओढे तासाभरात चढतात, धुक्यात वाटाड्याही थबकतो. त्यात भिजलेल्या मातीवर शेकडो बूट पडले की पायवाटेचा ओहोळ होतो आणि पुढच्या पावसात तिथून मातीच वाहून जाते. मार्च उजाडला की उलटी गोष्ट. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका विडीनं वणवा लागतो, आणि वाड्यांमधल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. ज्या घरात बाई दोन हंड्यांसाठी अर्धा तास चालते, तिथे पाहुणा म्हणून जाऊन आंघोळीला पाणी मागायचं हे बरं नाही.

मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्यात काजवे पाहायला जी गर्दी लोटते तिच्याबद्दल एवढंच: काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. त्यात गाड्यांचे दिवे, मोबाईलचे फ्लॅश आणि झाडाखाली तुडवलेली जमीन. जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण पहिली भटकंती त्या गर्दीत करू नका.

कुणाबरोबर जायचं

सगळ्यात जास्त विचार इथे करा. बाकीच्या चुका सुधारता येतात, ही नाही.

दोन मार्ग आहेत. एक, शहरातल्या एखाद्या संस्थेबरोबर जायचं. दोन, तीन-चार मित्रांनी मिळून थेट गावातला वाटाड्या ठरवायचा. पहिल्या खेपेला संस्था सोयीची वाटते, आणि चांगल्या संस्था आहेतही. पण पत्रकावरच्या ‘निसर्गस्नेही’ या शब्दाला काडीचं मोल देऊ नका. मी एकदा असंच हिरव्या पानांचं चित्र छापलेलं पत्रक वाचून पैसे भरले होते. प्रत्यक्षात दोन बस भरून माणसं, जेवायला एकदा वापरून फेकायच्या ताटल्या, आणि रात्री गडावर स्पीकर. सकाळी ताटल्या कुठे गेल्या विचारलं तर आयोजकानं कड्याच्या बाजूला मान वळवली. त्यानंतर पैसे भरण्याआधी मी फोन करून हे विचारतो:

एका गटात किती जण? बाराच्या वर आकडा गेला की मी नम्रपणे फोन ठेवतो. बारा माणसं एका घरात जेवू शकतात, एका ओळीत पायवाटेनं चालू शकतात. चाळीस माणसं फक्त रेटू शकतात.

मुक्काम कुठे? ‘कड्यावर तंबूत’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न: वनखात्याची परवानगी आहे का? अभयारण्यातले मुक्कामाचे नियम बदलत असतात. त्यामुळे ‘नेहमी करतो’ हे उत्तर चालणार नाही.

स्थानिक वाटाड्या कोण, कुठल्या गावचा, आणि त्याला दिवसाचे किती देता? शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळतो का ते ऐका. वाटाड्याचं नाव माहीत नसलेला आयोजक बहुतेक वेळा ऐनवेळी पायथ्याला मिळेल तो पोऱ्या धरणार असतो.

कचरा परत कोण आणतं आणि कुठे नेतं?

राज्य सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात ट्रेक नेणाऱ्या आयोजकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी आहे का विचारा. ती असली म्हणजे सगळं आलबेल असं नव्हे, पण प्रथमोपचार येणारा माणूस, विमा, आणीबाणीचा बेत या गोष्टींचा कुणीतरी एकदा तरी विचार केलेला असतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. रतनवाडी, कुमशेत, पाचनई या तिन्ही गावांत पाहुण्यांना जेवू-झोपू घालणारी घरं आहेत आणि एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या आपल्या नातेवाइकाला फोन लावून देतो. या भागात वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. आपण ट्रेकर सगळ्यांना सरसकट ‘मामा’ म्हणतो, बायकांना ‘मावशी’. ते त्यांनाही सवयीचं झालंय. वाटाड्याचे पैसे आधीच मोकळेपणानं ठरवा. दिवसाचे किती, परतीचा दिवस धरून की सोडून, जेवण आपल्याबरोबर का. खिरेश्वरला सोडून मामाला पुन्हा पाचनई किंवा कुमशेतला जायचं असतं, तो दिवसही त्याचाच खर्ची पडतो. तो धरा. आणि ठरल्यावर घासाघीस नको. शहरात कॉफीला जेवढे देतो त्यासाठी इथे कुणी तासभर हुज्जत घालताना दिसलं की मला लाज वाटते.

हिमालयातून मोठमोठे कोर्स करून आलेला शहरी लीडर आणि कुमशेतचा मामा यांच्यात निवड करायची वेळ आली तर वाटेपुरता मी मामा निवडेन. कुठला झरा जानेवारीत आटतो, कुठल्या कपारीत मोहोळ आहे, हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मात्र प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा एक माणूस आपल्यात हवाच. १०८ ची रुग्णवाहिका येते ती रस्त्यापर्यंत, रस्त्यापर्यंत न्यायचं काम आपलं. डोंगरातल्या बचावकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्यांचा क्रमांक फोनमध्येही घ्या आणि कागदावरही, कारण फोनची बॅटरी थंडीत आधी दगा देते.

तयारी: अंग आणि पाठपिशवी

महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा पाठीवर सहा किलो घेऊन चढा. पुणेकरांना सिंहगड आहे, आतकरवाडीच्या वाटेनं. मुंबईकरांनी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत पायी जावं. दुसरं काहीच नसेल तर इमारतीचे जिने आहेत. बूट नवे असतील तर या महिन्यातच त्यांना रुळवा.

पिशवीत काय घ्यावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, मी फक्त जे लोक विसरतात ते सांगतो. दोन लिटर पाणी मावेल अशा स्वतःच्या बाटल्या, आणि पाणी शुद्ध करायचे थेंब किंवा गोळ्या, म्हणजे वाटेत बाटलीबंद पाणी घ्यावं लागत नाही. स्टीलचा डबा, ताटली, पेला. लहान खुरपं, कशाला ते पुढे सांगतो. कचऱ्यासाठी घट्ट झाकणाची बरणी किंवा जाड पिशवी. दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण वाडीत नेटवर्क नसतं आणि मोबाईलवरून पैसे देण्याचा हट्ट तिथे चालत नाही. बॅटरी, जिला तुम्ही टॉर्च म्हणता ती. सुती पंचा किंवा ओढणी.

खाऊ घरून बांधून न्या. गूळ-शेंगदाणे, दशम्या, मेथीचे लाडू, खजूर, भडंग. हे सगळं डब्यात किंवा कापडी पिशवीत मावतं. पाकिटबंद खाऊची खरी अडचण रिकामं पाकीट ही नसते, ते बहुतेक जण खिशात घालतात. अडचण असते ती त्याचा फाडलेला कोपरा. नखाएवढा तो तुकडा वाऱ्यावर जातो, आणि कुठल्याही गडावर स्वच्छता मोहिमेला जा, सगळ्यात जास्त हेच कोपरे वेचावे लागतात. पाकीट फाडायचंच असेल तर कोपरा लोंबता ठेवून अर्धवट फाडा.

अत्तर, डिओ घरी ठेवा. हे पर्यावरणासाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी आग्यामोहोळ उठतं, आणि उघड्या कड्यावर पळायला जागा नसते.

पोचायचं कसं

अशा भटकंतीत सगळ्यात जास्त धूर कुठे होतो तर गाडीत. दोन माणसांसाठी एक कार ही चैन इथे करू नका, शिवाय या वाटेला ती निरुपयोगीही आहे. निघतो एका खोऱ्यातून, उतरतो दुसऱ्यात, मग कार आणायला पुन्हा कोण जाणार? मुंबईहून कसाऱ्याची लोकल, तिथून घोटी आणि घोटीहून एसटी किंवा जीपनं शेंडी, म्हणजेच भंडारदरा. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असं करत शेंडी. शेंडीहून रतनवाडीला जीप ठरवा. परतताना खिरेश्वरहून चारपाच किलोमीटर चालून खुबी फाट्याला आलात की माळशेज घाटातून कल्याणकडे आणि उलट्या बाजूला आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसट्या मिळतात.

पहिला दिवस: रतनगड, हलक्या पिशवीनं

आदल्या संध्याकाळी रतनवाडीत पोचा. अमृतेश्वराचं मंदिर उजेडात बघून घ्या, त्यावरचं कोरीव काम घाईनं बघण्यासारखं नाही. सकाळी जड पिशवी घरी ठेवून रतनगड. वाट दाट रानातून जाते, हिरडा, बेहडा, जांभूळ, कारवीचे ताटवे. हिरड्याकडे जरा आदरानं बघा. बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या कित्येक घरांचं रोकड उत्पन्न आहे. आणि ज्या घरात तुम्ही झोपलात त्याच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या असण्याची शक्यता आहे.

वाट वळणं घेत चढते. वळण टाळून सरळ घुसायचा मोह नवख्यांना फार होतो. तसं करू नका. उतारावर सरळ रेषेत पडलेली वाट पावसाळ्यात पन्हाळीसारखी वाहते आणि दोन वर्षांत तिथे घळ तयार होते. मळलेल्या वाटेनंच, एकामागे एक चाला. चिखल असला तरी बाजूनं नवी वाट पाडू नका, बूट धुता येतात.

वर दोन शिड्या आहेत. एका वेळी एकच माणूस. गावातलं एखादं कुत्रं हमखास मागे येतं आणि बिस्किटं घातली की येतंच येतं. शिडीपाशी त्याची पंचाईत होते, खाली उतरायला कचरतं आणि मग दिवसभर केकाटत बसतं. म्हणून गावातच त्याला हाकला, लाडात येऊ नका.

माथ्यावर नेढं आहे, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई आणि भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. इथे मी तासभर घालवतो. कुणाला खडकावर नाव कोरताना पाहिलं तर बोला, भांडू नका. वाट चुकू नये म्हणून रंगाचे बाण मारणारे तर माझे फार लाडके. वाटाड्या बरोबर असला की बाण लागतच नाहीत.

परसाकडे

या विषयावर कुणी नीट लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. घरातून निघण्याआधी घरच्या संडासात जाऊन या, ही पहिली पसंती. जमलं नाही तर ओढा, टाकं, झरा यांच्यापासून सत्तर-ऐंशी पावलं दूर, वाटेपासूनही आत. खुरप्यानं वीतभर खोल खड्डा, काम झालं की मातीनं बुजवायचा. कागद पुरायचा नाही, तो रानडुक्कर किंवा कुत्रं उकरतं. कागद, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर हे सगळं वर सांगितलेल्या बरणीत जातं आणि तुमच्याबरोबर परत जातं. पाणी वापरलंत तर कागदाची गरजच नाही, आपल्याकडे ती सवय आहे, ती ट्रेकवर का सुटते कळत नाही.

माथ्यावर, विशेषतः हरिश्चंद्रगडावर, खडकावर चार बोटंही माती नसते. तिथे वीतभर खोल खणायचं म्हटलं तर खुरपं तुटेल. पाचनईहून निघताना सकाळी वेळ काढा.

दुसरा दिवस: कात्राबाईची खिंड

हा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात एकांताचा दिवस. आमच्या चालीनं सहा-सात तास. खिंडीपर्यंत चढ, मग कुमशेतपर्यंत उतार. वाटेत माणूस क्वचित भेटतो. वाटाडा नसेल तर इथे येऊच नका, गुरांच्या वाटा सगळ्या दिशांना फुटतात आणि त्यातली प्रत्येक खरी वाटते.

एकांताचा फायदा घेऊन स्पीकर काढणारे असतातच. अभयारण्यात आहात हे मघाशी सांगितलं ते इथे आठवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात आग लावणं, प्राण्यांना छेडणं, कचरा टाकणं हे गुन्हे आहेत. वनखात्याच्या चौकीवर पावती फाडताना त्या त्या वेळचे नियम विचारून घ्या. आणि जाळ घालायचा नाही. चहासाठीही नाही, ‘छोटीशी शेकोटी’ही नाही. गवत दिसतं त्याहून जास्त कोरडं असतं.

संध्याकाळी कुमशेत. समोर आजोबा पर्वत, बाजूला कुमशेतचा कोंबडा नावाचा सुळका. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बूट बाहेर काढून हातपाय धुवायचे, तेही विहिरीच्या काठावर नाही. साबण, शाम्पू पाण्याच्या जागेपासून लांब. भांडी घासायला मावशी राख देते, तीच वापरा, तुमचा हिरवा द्रव डोंगरात नको.

जेवायला बसताना

घरात जे शिजतं तेच मागा. नाचणीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, जाडा तांबडट भात, हिवाळ्यात वालाची उसळ. शहरी पाहुण्यांसाठी आता या वाड्यांमधूनही पनीर आणि नूडल्स करायला लागलेत, आणि त्याचा दोष आपलाच आहे. आपण मागतो, ते आणतात, घोटीहून पिशवीतून. एक ‘भाकरी मिळेल का?’ इतकंच विचारलंत तर मावशीचा चेहरा उजळतो, पैसे गावातच राहतात आणि प्लास्टिकही येत नाही.

भाताबद्दल विचारा. या तालुक्यात देशी वाणांची मोठी परंपरा आहे. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्या याच अकोले तालुक्यातल्या. मात्र नोव्हेंबरात गेलात तर कापणी-झोडणीची धांदल असते, जेवायला नऊ वाजतील. कुरकुर करू नका, भूक लागली तर खळ्यावर जाऊन हात लावा.

मुलांना चॉकलेटं वाटू नका. पाहुणा दिसला की हात पुढे करायची सवय अशीच लागते, आणि वेष्टनं ओसरीवर उडत राहतात. काही द्यायचंच असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना विचारा काय लागतं. विहिरीवरच्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका, तुमच्या सोसायटीच्या नळावर कुणी काढले तर तुम्हाला चालेल का?

तिसरा दिवस: पेठेची वाडी आणि पाचनई

हलका दिवस. मुळेचं खोरं, भाताची खाचरं, चारपाच तासांत पाचनई. खाचरांच्या बांधावरून चालताना बांध ढासळू देऊ नका, तो दर वर्षी हातानं लिंपलेला असतो. दुपारी कपडे वाळवा, पायाला तेल लावा, झोपा.

चौथा दिवस: हरिश्चंद्रगड, आणि एक गोष्ट चुकणार आहे

पाचनईहून वर मंदिरापर्यंत दोन-अडीच तास, गडावर जायची ही सगळ्यात सोपी वाट. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, मग केदारेश्वराची गुहा. पाण्यात उभी भलीमोठी पिंड, भोवती चार खांब आणि त्यातला एकच शाबूत. पाणी बर्फासारखं गार असतं, लोक तरीही त्यात उतरून फोटो काढतात. उतरू नका, ते देवाचं पाणी आहे आणि साबणाचा, घामाचा वास त्यात राहतो. चपला बाहेर.

मग कोकणकडा. आडवं झोपून काठाशी जायचं, वाटाड्या सांगेल तिथवरच. इथे प्रत्येक नवखा विचारतो, मुक्काम खाली केला तर सूर्यास्त चुकेल ना? चुकेल. चुकू द्या. त्या एका सूर्यास्तासाठी शनिवार-रविवारी कड्याच्या मागच्या पठारावर तंबूंची वसाहत उभी राहते, आणि सकाळी त्यातल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या झुडपामागे जायचं असतं. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं तिथल्या बुग्यालांवरचे, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवरचे, रात्रीचे मुक्काम बंद केले तेव्हा आपल्याकडचे ट्रेकर बरेच हळहळले होते, कारण हिमालयात जाणाऱ्यांत मराठी माणूस मोठ्या संख्येनं असतो. पण माती तुडवली जाणं दोन्हीकडे सारखंच. सकाळी दहाच्या उन्हात कोकणकडा पाहा, खाली तळकोकण स्वच्छ दिसतं, आणि गर्दी तेव्हा चहाला गेलेली असते.

गडावरच्या टपऱ्यांवर ताक, लिंबू सरबत मिळतं. आपल्या पेल्यात मागून घ्या.

दुपारी एकच्या आत तोलार खिंडीकडे उतरायला लागा. खिंडीच्या वरच्या टप्प्यात खडक आहे, तिथे रेलिंग लावलेलं आहे, उतरताना तोंड खडकाकडे करा. दमलेल्या पायांनी पडतात ते इथेच. तीन-चार तासांत खिरेश्वर. उजेड असेल तर नागेश्वराचं मंदिर बघा. मामाचे पैसे इथे हिशेबानं द्या, त्याच्या परतीच्या जीपचेही, आणि त्याचा नंबर पुढच्या माणसाला द्यायचा का हे त्यालाच विचारा.

खुबी फाट्यावर

चार दिवसांचा कचरा आता बरणीत आहे. फाट्यावरच्या टपरीमागे एक ढीग दिसेल, त्यात टाकू नका, तो संध्याकाळी पेटवला जातो आणि उरलेलं वाऱ्यानं धरणात जातं. घरी न्या, ओला-सुका वेगळा करा. एसटीत मात्र बरणी पायाशी ठेवा. मी एकदा वरच्या फळीवर ठेवली होती, माळशेजच्या तिसऱ्या वळणावर झाकण सुटलं, आणि खाली बसलेल्या आजोबांच्या टोपीवर चार दिवसांची संत्र्याची सालं पडली. ते काही बोलले नाहीत. कंडक्टर मात्र कल्याणपर्यंत बोलत होता.